सावलीभोवतीचा पांढरा चौकोन

स्क्रीनवर सगळं ठीक, पीडीएफ उघडून पाहिली तरी ठीक, आणि प्रूफ (छपाईआधीचा नमुना) हातात आलं की सावलीभोवती एक पांढरा चौकोन. छपाईसाठी डिझाइन करणाऱ्या बहुतेकांची या चौकोनाशी कधी ना कधी गाठ पडते. त्यावरचे उपायही ठरलेले: ‘सगळं जेपेग करून पाठव’ किंवा ‘सावलीच काढून टाक’. मला हे दोन्ही उपाय कधीच पटले नाहीत. जेपेग केलं की बारीक अक्षरांच्या कडा फुटतात आणि काळा मजकूर छपाईच्या चार रंगांत (सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा) जातो. सावली काढली तर ज्या वस्तूला उठाव द्यायचा होता तीच कागदाला चिकटते. मागे एका पुस्तकाच्या मुखपृष्ठाचं काम हातात आलं, तेव्हा ठरवलं की या वेळी वरवरची मलमपट्टी करायची नाही, चौकोन नेमका कुठून येतो ते शोधायचं.

फाइल तयारच होती. आधी स्क्रीनवरच्या जाहिरातीसाठी बनवलेली, आता छपाईयोग्य करून द्यायची. सगळीकडे गडद नारिंगी पार्श्वभूमी, त्यावर कापून घेतलेला कंदिलाचा फोटो, कंदिलाखाली मऊ सावली, वर पांढऱ्या अक्षरांत शीर्षक. मलपृष्ठावर बारीक काळ्या अक्षरांतला परिचय. कण्याच्या दोन्ही अंगांना घडीचा भास व्हावा म्हणून एक उभी ग्रेडियंट सावली, सगळ्यात वरच्या लेयरवर. इनडिझाइन या पानं रचायच्या सॉफ्टवेअरमधली साधी रचना, अवघड म्हणावं असं काही नाही. तिची पहिली पीडीएफ छापखान्यात गेली होती आणि प्रूफवर कंदिलाभोवती स्वच्छ पांढरा चौकोन उमटला होता.

छापखान्यात प्रीप्रेस (छपाईआधीची फाइलची तयारी) बघणारे गृहस्थ मुरलेले होते. प्रूफ पाहताच म्हणाले, “मॅडम, तुमची नारिंगी स्पॉट आहे आणि आमचा प्रूफर ओव्हरप्रिंट पाळत नाही. प्लेटवर बरोबर येईल.”

मी विचारलं, “पण ती नारिंगी तुम्ही वेगळी शाई घालून छापणार आहात का?”

“नाही, चार रंगांतच करणार.”

स्पॉट म्हणजे चार रंगांतून न बनवता वेगळ्या तयार शाईनं छापायचा रंग. या दोन वाक्यांत अर्धं निदान झालं होतं, पण ते नीट कळायला थोडं मागे जावं लागतं.

शाईला पारदर्शकतेचा ‘टक्का’ कळत नाही. छपाईच्या प्लेटवर (प्रत्येक शाईची एक) एखाद्या जागी डॉट, म्हणजे शाईचा बारीक ठिपका, असतो किंवा नसतो, मधलं काही नाही. आपण सावलीला साठ टक्के ओपॅसिटी (अपारदर्शकता) देतो तेव्हा कुणीतरी, कुठेतरी एक हिशेब करतो: खालचा रंग अमुक, वरचा अमुक, दोन्ही मिसळून या जागी कुठल्या शाईचा किती टक्के डॉट घ्यायचा. डिझाइनचं सॉफ्टवेअर हा हिशेब करतं, किंवा पीडीएफ बनताना तो होतो, किंवा छापखान्यातल्या रिपमध्ये, म्हणजे फाइलचे प्लेटवरचे डॉट बनवणाऱ्या यंत्रणेत. पारदर्शकतेचं कुठलंही दुखणं आलं की मी आता एवढंच विचारते: हा हिशेब कुणी केला, आणि कुठल्या रंगांत केला? या मुखपृष्ठावर सापडलेला जवळजवळ प्रत्येक दोष याच प्रश्नानं सुटला.

जुन्या व्यवस्थेत हा हिशेब रिपकडे नसायचाच. १९८४ साली आलेल्या पोस्टस्क्रिप्ट भाषेत रंग म्हणजे अपारदर्शक रंग, वरचा थर खालच्याला झाकणार. पुढे २००० साली इलस्ट्रेटरच्या नवव्या आवृत्तीत खरी पारदर्शकता आली, २००१ मध्ये पीडीएफच्या १.४ आवृत्तीनं ती स्वीकारली, २००२ मध्ये इनडिझाइनच्या दुसऱ्या आवृत्तीत ड्रॉप शॅडो आली. डिझायनरच्या हातात मऊ सावल्या आल्या, पण छापखान्यातल्या यंत्रांना त्या वाचता येत नव्हत्या. म्हणून मध्ये फ्लॅटनिंगची पायरी घालावी लागली. एकमेकांवर येणाऱ्या वस्तूंचे तुकडे पाडायचे, जिथे सावली आणि पार्श्वभूमी मिसळतात तिथला रंग आधीच ठरवून टाकायचा, आणि अपारदर्शक तुकड्यांची एक फाइल पुढे द्यायची. पीडीएफ १.३ निवडली की हेच होतं. आमची पहिली पीडीएफ नेमकी तीच होती.

आता चौकोनाकडे येते. सावली चार रंगांच्या प्लेटांवर जाणार, नारिंगी तिच्या स्वतंत्र स्पॉट प्लेटवर. फ्लॅटन करताना स्पॉट रंग स्पॉटच ठेवायचा असतो, त्यामुळे सॉफ्टवेअर सावलीचं चार रंगांतलं एक आयताकृती चित्र बनवतं आणि त्याला ‘ओव्हरप्रिंट’ अशी खूण देतं: खालची नारिंगी पुसू नका, तिच्यावरच छापा. ही खूण पाळणाऱ्याला सगळं बरोबर दिसतं. जो पाळत नाही, त्याच्या लेखी ते चित्र खालची नारिंगी झाकून टाकतं. चित्रात नारिंगी शाई नसल्यामुळे सावलीच्या आजूबाजूला कोरा कागद उघडा पडतो. प्रूफवरचा पांढरा चौकोन म्हणजे हाच कागद.

याचा पडताळा पीडीएफ बघायच्या अ‍ॅक्रोबॅटमध्ये क्षणात मिळतो. साध्या दृश्यात, ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू बंद असेल तर, चौकोन दिसतो. आउटपुट प्रिव्ह्यूची खिडकी उघडून ओव्हरप्रिंटचं सिम्युलेशन चालू केलं की तो नाहीसा होतो. मी प्रेफरन्सेसमध्ये ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू कायमचा ‘ऑलवेज’वर ठेवला आहे. छपाईच्या फायली बघणाऱ्या प्रत्येकानं हे आधी करावं, असं मी आग्रहानं सांगते, कारण ते केलं नाही तर आपण आणि छापखाना एकाच फाइलची दोन वेगळी चित्रं बघत बसतो.

प्लेटवर बरोबर येईल, हे त्या गृहस्थांचं म्हणणं पाचवी शाई खरोखर लागणार असती तर खरं होतं. पण नारिंगी चार रंगांत फोडली जाणार होती, तीही फ्लॅटनिंग झाल्यावर, रिपमध्ये. तिथे स्पॉटची प्लेटच उरत नाही आणि ‘खालची शाई पुसू नका’ या खुणेचा अर्थ डळमळीत होतो. म्हणजे नारिंगी फोडायची तर हिशेबाच्या आधी फोडायला हवी. इनडिझाइनच्या इंक मॅनेजरमध्ये सगळे स्पॉट रंग प्रोसेसमध्ये, म्हणजे चार रंगांत, नेण्याचा पर्याय आहे. तो निवडला, नवी पीडीएफ काढली आणि पांढरा चौकोन गेला.

त्याच्या जागी दुसरा चौकोन आला. हा पांढरा नव्हता. पार्श्वभूमीपेक्षा किंचित मळकट नारिंगी, एवढा किंचित की मान तिरकी करून पाहिल्यावर कडा सापडायची. अशा वेळी डोळ्यांवर भिस्त ठेवू नये. आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये कर्सर फिरवला की त्या जागेचे चारही शाईंचे टक्के दिसतात. मोकळ्या पार्श्वभूमीवर सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा या क्रमानं ०/६०/१००/०. सावलीपासून दूर, पण कंदिलाच्या चौकटीच्या आत, जिथे सावली दिसतच नाही तिथे: ३/६२/९७/१. जिथे सायन असायचं काही कारणच नाही तिथे तीन टक्के सायन. म्हणजे हा भाग कुठेतरी फिरून आला होता.

कुठे फिरला, त्याचं उत्तर एडिट मेनूत होतं. ट्रान्सपरन्सी ब्लेंड स्पेस: डॉक्युमेंट आरजीबी. फाइल स्क्रीनसाठी जन्मलेली, त्यामुळे तिचे मिसळण्याचे हिशेबही आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्यात. पारदर्शकतेच्या कक्षेत येणारी प्रत्येक वस्तू आधी सीएमवायकेतून (छपाईच्या चार रंगांतून) आरजीबीत, तिथे मिसळणी, मग पुन्हा सीएमवायकेत. जाऊन परत आलेला रंग आकड्यांनिशी तसाच परतत नाही. कक्षेबाहेरची नारिंगी मात्र जागची हललेली नसते. शेजारी शेजारी ठेवले की दोहोंमधली शिवण दिसते. ब्लेंड स्पेस डॉक्युमेंट सीएमवायके केली, चौकटीच्या आत कर्सर नेला, ०/६०/१००/०. स्क्रीनवर रंग थोडे उतरले. ते खरं तर आधीच उतरलेले होते, आता दिसायला लागले.

याच गोष्टीनं मलपृष्ठावर केलेलं नुकसान मला जास्त लागलं, कारण प्रूफवर ते कुणी दाखवून दिलं नव्हतं. परिचयाच्या मजकुराची शेवटची काही अक्षरं घडीच्या ग्रेडियंट सावलीखाली येत होती. मोठं करून पाहिलं तर ओळ धावता धावता अचानक जाड होत होती. देवनागरीत हे फार चटकन उघडं पडतं, कारण शिरोरेखा सलग असते. ‘आठवणींचा’ या शब्दावर सावलीची कड बरोबर ‘व’वर पडली होती, तिथपर्यंत शिरोरेखा बारीक आणि ‘व’पासून पुढे एका पायरीनं जाड. सावलीखालची अक्षरं फ्लॅटन होताना फॉन्ट राहिली नव्हती, त्यांचे आकार बनले होते, काहींचं तर चित्र. शिवाय आरजीबीच्या फेऱ्यामुळे ती चार रंगांची झाली होती. सेपरेशनमध्ये (प्लेटा एकेक करून बघण्याच्या दृश्यात) काळी प्लेट बंद केली तर शुद्ध काळा मजकूर पानावरून पूर्ण नाहीसा व्हायला हवा. इथे ओळींचा डावीकडचा भाग नाहीसा झाला आणि उजवीकडची जाड अक्षरं तपकिरी करड्या रंगात तशीच उभी राहिली. एवढ्या बारीक अक्षरांत चार प्लेटा एकमेकींवर अचूक बसवणं म्हणजे यंत्र चालवणाऱ्याची परीक्षा. केसभर रजिस्ट्रेशन हललं की काना-मात्रांना रंगीत झालर लागते.

उपाय साधा होता. मजकुराचा एक स्वतंत्र लेयर केला आणि तो सगळ्यांच्या वर नेला. पारदर्शक वस्तूच्या वर असलेला मजकूर मिसळणीच्या हिशेबात येत नाही. घडीची सावली आता अक्षरांवरून जात नाही, अक्षरांखालून जाते. दिसण्यात काडीचा फरक पडला नाही, कारण काळ्यावर पडलेली सावली अशीही दिसत नव्हती. इनडिझाइनमध्ये फ्लॅटनर प्रिव्ह्यू नावाचं पॅनेल आहे. पारदर्शकतेमुळे कुठल्या कुठल्या वस्तूंना झळ लागते ते त्यात लाल रंगात दिसतं. आधी परिचयाचा शेवटचा भाग लाल होता, आता फक्त ग्रेडियंट आणि कंदील. हे पॅनेल इतकं उपयोगी असून लोक ते उघडतच नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

मग राहिली खुद्द कंदिलाची सावली. चौकोन गेला तरी ती मला खटकत होती. नारिंगीवर पडलेली सावली गडद नारिंगी दिसायला हवी. ही राखेसारखी दिसत होती, जणू नारिंगीवर कुणी करड्या धुराचा थर दिला आहे. कारण दुहेरी निघालं. कंदील पीएनजी होता आणि सावली त्यातच भाजलेली, म्हणजे चित्राचाच भाग झालेली, होती. पीएनजीत सीएमवायके नसतंच, म्हणजे ती सावली आरजीबी काळ्याची. हा काळा सीएमवायकेत बदलला की चारही शायांचा होतो. फोटोशॉपच्या परिचित यूएस वेब कोटेड स्वॉप या रंगबदलाच्या प्रोफाइलनं तो ७५/६८/६७/९० असा येतो, बेरीज ३००. मऊ सावलीच्या विरत जाणाऱ्या कडेला चारही शायांचे बारीक डॉट सांभाळायचे, आणि त्यातली एक शाई जरा जड झाली की सावली लालसर किंवा हिरवट.

दुसरं कारण मिसळण्याच्या पद्धतीत. भाजलेली सावली नॉर्मल मोडमध्ये बसते आणि नॉर्मलचा हिशेब वाटणीचा असतो. शुद्ध काळ्याची, पन्नास टक्के ओपॅसिटीची सावली धरली आणि खाली ०/६०/१००/० ही नारिंगी असली, तर नॉर्मलमध्ये अर्धी नारिंगी आणि अर्धा काळा: ०/३०/५०/५०. पिवळा शंभरावरून पन्नासावर घसरला. धुराचा थर हा असा येतो. मल्टिप्लायमध्ये खालचा रंग जागचा हलत नाही, काळा त्यावर चढतो: ०/६०/१००/५०. पिवळा पूर्ण, मॅजेंटा पूर्ण, वर निम्मा काळा. नारिंगीच, पण अंधारातली. छापखान्याच्या यंत्रावर प्रत्यक्षात घडतं तेही हेच, एका शाईवर दुसरी शाई. सावलीला मल्टिप्लाय हवा असं सगळे सांगतात, पण हे दोन आकडे शेजारी मांडून पाहीपर्यंत मलाही त्याचं कारण इतकं स्पष्ट दिसलं नव्हतं.

सावली सोडवून घ्यायला मूळ फोटो मिळाला हे चांगलं झालं. कंदील नुसता कापून पीएसडीत (फोटोशॉपच्या फाइलमध्ये) ठेवला, सावलीशिवाय, आणि सावली इनडिझाइनमध्येच नव्यानं दिली: मल्टिप्लाय, शुद्ध काळा स्वॉच, साठ टक्के. सावली पीएसडीतच ठेवायची असेल तर एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. फोटोशॉपमधल्या लेयरचा मल्टिप्लाय त्या फाइलच्या आत चालतो. इनडिझाइनमधल्या पार्श्वभूमीपर्यंत तो पोचत नाही. मग सावलीचा लेयर वेगळ्या फाइलमध्ये काढून, तिच्या चौकटीलाच इनडिझाइनमध्ये मल्टिप्लाय द्यावा लागतो. खटाटोप आहे, पण जमिनीवर तिरपी पसरणारी सावली हवी असेल तर ड्रॉप शॅडोनं ती साधत नाही आणि हाच मार्ग उरतो.

इलस्ट्रेटरमध्ये काम असतं तर आणखी एक जागा बघितली असती: इफेक्ट मेनूतलं डॉक्युमेंट रास्टर इफेक्ट्स सेटिंग. स्क्रीनसाठी उघडलेल्या फाइलमध्ये ते ७२ असतं आणि छापल्यावर सावलीचे चौकटी-चौकटींचे तुकडे दिसतात. ३०० करावं, आणि शक्यतो कामाच्या सुरुवातीलाच, कारण नंतर बदललं तर काही इफेक्टचं रूपही बदलतं. कोरलड्रॉत हेच काम डॉक्युमेंटचं रेंडरिंग रिझोल्यूशन करतं. तिथे सावली मूळ वस्तूपासून वेगळी करून, पारदर्शक पार्श्वभूमीसह ३०० डीपीआयच्या बिटमॅपमध्ये बदलण्याची पद्धतही खूप जण वापरतात आणि ती चालते. फक्त बदलण्याआधी मूळ फाइलची एक प्रत ठेवावी.

पांढऱ्या केसासारख्या रेषांबद्दलही लिहायला हवं, कारण त्यांच्यामुळे लोक विनाकारण घाबरतात. फ्लॅटन केलेली पीडीएफ स्क्रीनवर उघडली की तुकड्यांच्या सांध्यांवर बारीक पांढऱ्या रेषा दिसतात. झूम वाढवून बघावं. रेषा खरी असेल तर झूमबरोबर जाड होते. तेवढीच बारीक राहिली तर ती स्क्रीनच्या कडा गुळगुळीत करण्यातून आलेली आहे. अ‍ॅक्रोबॅटच्या पेज डिस्प्लेमध्ये लाइन आर्ट आणि इमेज स्मूद करणं बंद केलं की ती जाते. आमच्या फाइलमधल्या सगळ्या रेषा अशाच निघाल्या.

आता कुठली पीडीएफ द्यायची? पीडीएफ/एक्स-१ए हा २००१ सालचा मापदंड पारदर्शकता चालवून घेत नाही, म्हणजे तो निवडला की फ्लॅटनिंग आपल्याच संगणकावर होणार. पीडीएफ/एक्स-४, जो आयएसओ मापदंड म्हणून २००८ मध्ये आला, पारदर्शकता जिवंत ठेवतो आणि हिशेब रिपवर सोपवतो. अडोबी पीडीएफ प्रिंट इंजिनवर चालणारे रिप, जे २००६ नंतर येऊ लागले, हा हिशेब नीट करतात. तुकडेच पडत नाहीत, म्हणून सांधेही नाहीत. मला एक्स-४ पसंत आहे. पण समोरचा रिप जुना असेल तर पसंतीला अर्थ नाही. म्हणून मी प्रीप्रेसच्या त्याच गृहस्थांना फोन करून सरळ विचारलं, “फ्लॅटनिंग तुमच्याकडे होतं की मी करून देऊ?” ते म्हणाले, “एक्स-४ पाठवा, आमचा रिप घेतो.” हा प्रश्न फाइल पाठवण्याआधी विचारला तर दोन्ही बाजूंचा मनस्ताप वाचतो. जिथे ‘एक्स-१ए द्या’ असं उत्तर येतं, तिथे मी फ्लॅटनरमध्ये लाइन आर्ट आणि मजकुराला १२००, ग्रेडियंटला ३०० असं रिझोल्यूशन देते आणि तयार पीडीएफ प्लेटागणिक तपासते.

नव्या प्रूफवर चौकोन नव्हता, शिरोरेखा एकसारखी होती, सावली नारिंगी होती. एक उणीव उरली. सावलीची बाहेरची कड विरत न जाता एका ठिकाणी थांबल्यासारखी दिसत होती. सावली शून्यापर्यंत उतरत जाते, पण दोन-तीन टक्क्यांच्या खालचा डॉट कागदावर टिकेलच असं नसतं. तिथे सावली विरत नाही, तुटते. इनडिझाइनच्या ड्रॉप शॅडोत नॉइज नावाचा आकडा असतो, तो चार टक्के केला. डॉट एकसारखे न संपता विखरून संपू लागले आणि ती थांबलेली कड नाहीशी झाली. मऊ सावलीत कधी कधी पट्टे दिसतात, त्यांनाही हेच औषध लागू पडतं.

यानंतर प्रकाशकांनी कागद बदलला. आर्ट कार्डऐवजी अनकोटेड, म्हणजे वर लेप नसलेला. अनकोटेड कागद शाई जास्त पितो, डॉट पसरतो, आणि साठ टक्क्यांची सावली कंदिलाखाली काळ्या डागासारखी बसली असती. ती पंचेचाळीसवर आणली, ब्लर थोडा वाढवला, आउटपुट प्रोफाइल अनकोटेडचं लावलं आणि एक्स-४ पुन्हा काढली. सावली अजून सावलीच होती, कुठल्या जेपेगमध्ये थिजलेली नव्हती, म्हणून हा बदल चहा संपायच्या आत झाला. फाइलसोबतच्या चिठ्ठीत मी एवढंच लिहिलं: स्पॉट रंग एकही नाही, पारदर्शकता जिवंत आहे, ब्लेंड स्पेस सीएमवायके, मलपृष्ठाचा मजकूर फक्त काळ्या प्लेटवर, काळी प्लेट बंद करून एकदा खात्री करून घ्या.